तोवर काय?

बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात जायच्या आणि तांदळाचा डबा उघडून बघायच्या. "या, बसा" म्हणायलाही सवड मिळायची नाही. डब्यात हात घालायच्या, तळ कुठे लागतो ते चाचपायच्या, झाकण घट्ट लावायच्या आणि मग बाहेर येऊन खुर्चीवर टेकत म्हणायच्या, "हं, आता टाक चहा."

तुम्ही म्हणाल, ही कुठली रीत? मलाही पहिल्यांदा रागच आला होता. लखनौला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा रेल्वेत, आलमबागेत भाड्याच्या दोन खोल्या, आणि माझ्या डब्यांपर्यंत अजून सासूबाईंचाही हात पोचला नव्हता. तिथे ही ऑफिसातली बाई येते आणि थेट तळ गाठते म्हणजे काय? माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. बाई जिन्यात दिसल्या की ती आत वर्दी द्यायची, "मम्मी, डिब्बेवाली आंटी आ गईं." बाईंना ते नाव फार आवडलं होतं. ऑफिसात त्यांना सगळे मॅडम म्हणत, खेड्यांत बहिनजी. मी एकटीच बाई म्हणायची, कारण ज्यांच्याकडून शिकायचं त्यांना दुसरं काय म्हणायचं ते मला सुचत नसे.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं सांगते आहे. मोहनलालगंजच्या पुढे तेव्हा ऊसर जमिनीचे पट्टेच्या पट्टे होते. ऊसर म्हणजे खारवट. उन्हाळ्यात वर असा पांढरा थर येतो की लांबून बघणाऱ्याला कुणी चुना सांडलाय असं वाटावं. तिथे गवतही धड येत नसे. अशा जमिनीत तग धरेल आणि भरघोस पिकेल असं भाताचं नवं वाण बाईंनी नऊ वर्षं खपून उभं केलं होतं. ते शेतकऱ्यांच्या वावरात नेऊन दाखवणाऱ्या एका प्रकल्पाच्या ऑफिसात मी शेतीची पदवी घेऊन तात्पुरत्या नोकरीला लागले होते. तात्पुरती म्हणजे अशी की दर मार्चमध्ये माझा जीव टांगणीला.

बाई अमरावतीच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, सुती पातळ आणि पायात कॅनव्हासचे बूट. इतकी वर्षं उत्तरेत काढूनही बोलणं वऱ्हाडीच राहिलं होतं. "काय करून राहिली पोरी?" असं दारातून विचारत आत यायच्या. आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, ज्याने आमचं अख्खं ऑफिस बेजार होतं.

"तोवर काय?"

ड्रायव्हर म्हणाला, जीप संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल, की बाईंचं "तोवर काय?" मी म्हटलं, गॅसचा सिलिंडर मंगळवारी येतोय, की "तोवर काय?" माझ्या नवऱ्याने एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं, की दोन वर्षांत प्रमोशन होईल आणि आम्ही मोठ्या क्वार्टरमध्ये जाऊ. बाईंनी आमच्या मोरीकडे, तिच्यातून बाहेर आलेल्या ओघळाकडे आणि मग त्याच्याकडे पाहून तेच विचारलं. त्या रविवारी त्याने स्वतः सिमेंट आणून मोरीची गळती बुजवली. लग्नानंतर त्याने स्वतःहून केलेलं हे पहिलंच घरकाम, त्यामुळे मी बाईंना डबे माफ केले.

पण हा प्रश्न त्या खरा विचारत तो शेतावर. नवं वाण किती पिकतं, याचे आकडे आम्ही फळ्यावर लिहायचो, लोक खूश व्हायचे. बाई मात्र आमच्याच फळ्यासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "ते खरं. पण हे कार्तिकाच्या तोंडावर कापणीला येतं. तोवर काय खायचं?"

त्या भागातली जुनी मंडळी घराजवळच्या तुकड्यात साठी नावाचं भात लावायची. जाड, लालसर, पिकायला कमी, पण दोन-अडीच महिन्यांत तयार. भादव्यात, जेव्हा मागच्या वर्षीचं धान्य संपलेलं असतं आणि नवं शेतात हिरवंच असतं, तेव्हा ती साठी चुलीवर चढायची. बाईंचं वाण तिच्या दुपटीने पिकायचं, पण भादव्यात ते नुसतं डोलायचं. म्हणून बाईंचा नियम होता, की त्यांचं बी ज्याने घेतलं त्याने घराजवळचा कोपरा साठीलाच ठेवायचा. आपल्याच वाणाला आपणच वेसण घालणारी अशी शास्त्रज्ञ मी दुसरी पाहिली नाही. तुम्ही पाहिली असेल तर मला जरूर कळवा.

त्या वर्षी आमच्यावर एक कसोटीची वेळ आली होती. दिल्लीहून एक समिती मोहनलालगंजच्या पुढच्या एका गावात पीक बघायला येणार होती. तिला पटलं तर पुढच्या हंगामापासून बी आजूबाजूच्या सगळ्या ऊसर गावांत जाणार होतं, नाही तर प्रकल्पाला कुलूप. आमचे डायरेक्टर साहेब अस्सल लखनवी गृहस्थ. चपराशालाही 'आप' म्हणणारे, आणि रागावले तरी आवाज न चढवणारे. ते म्हणाले, सडकेपासून कालव्यापर्यंत एकसलग एकच वाण दिसायला हवं. बाई म्हणाल्या, साठीचे कोपरे राहतील. दोघांचं बरंच झालं. शेवटी साहेबांनी हात जोडले, "ठीक है मैडम, आपके कोने आपको मुबारक."

पाऊस वेळेवर झाला, लावण्या झाल्या. पुढे दोन महिने बाई दिल्ली आणि दुसऱ्या जिल्ह्यांतल्या कामात अडकल्या. भादवा लागला तेव्हा आम्ही दोघी जीपने गावात गेलो. सडकेवरून पाहिलं आणि मला तर आनंदच झाला. जिथे पांढरा थर असायचा तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्द हिरवं भात, कुठे खंड नाही. बाईंनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. खाली उतरल्या, कपाळावर आडवा हात धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"पिवळं कुठाय?" त्या म्हणाल्या.

साठी एव्हाना पिवळी पडायला हवी होती. घराघराजवळचे कोपरेसुद्धा हिरवेगार होते.

रामकली धावत आली. बाईंचं बी गावात सगळ्यांत आधी घेणारी ही शेतकरीण. नवरा दम्यामुळे अर्धा वेळ घरीच, शेत हिच्याच अंगावर. पदर सावरत, हसत म्हणाली, "देखौ बहिनजी, अबकी सब एकै रंग है."

"साठी कहाँ है?"

"साठी नाहीं लगावा. आपके मेहमान अइहैं, बीच मा पियर-पियर अच्छा लागी का?"

असं झालं होतं. दिल्लीचे लोक बहिनजींचं भात बघायला येणार, हे गावाला कळलं होतं. पाहुण्यांसमोर आपल्या बहिनजींच्या भाताला ठिगळं नकोत, म्हणून बायकांनी आपसात ठरवून कोपऱ्यांतही नवंच वाण लावलं होतं, आणि बाईंना चकित करायचं म्हणून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. साठीचं बी? ते आषाढातच खाऊन झालं होतं.

बाई तडक रामकलीच्या घरात गेल्या. तिकडे घराघरात डेहरी असते, म्हणजे मातीची कणगी, तळाशी धान्य काढायला एक भोक आणि त्यात चिंधीचा बोळा. बाईंनी बोळा काढला आणि आत हात घातला. मग दुसऱ्या घरी गेल्या, तिसऱ्या घरी गेल्या. मागे बायकांचा घोळका, अजून हसतच, कारण बहिनजींची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. चौथ्या-पाचव्या घरानंतर हसणं थांबलं. बाई बाहेर येऊन ओट्यावर बसल्या. त्यांचा हात कोपरापर्यंत मातीने माखला होता आणि त्याला धान्याचा एक दाणा चिकटला नव्हता.

एरवी मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, पण घाबरलेलं तेव्हाच पाहिलं.

रेशन दुकानदार रोज "कल आएगा" सांगत होता. साहेबांनी स्वतःच्या घरून दोन पोती तांदूळ पाठवले. माणूस वाईट नव्हता. बाईंनी विचारलं, "सर, किस घर को दूँ?" पोती वाटली आणि संपलीसुद्धा. लोक तळ्यातला करेमूचा पाला उकडून मीठ लावून खात होते. बाई मुद्दाम संध्याकाळपर्यंत गावात थांबायच्या आणि कुणाच्या छपरावर धूर आहे, कुणाच्या नाही, ते बघत बसायच्या.

आणि समोर तर सगळीकडे भात. याहून क्रूर थट्टा कोणती असेल? लोंब्या बाहेर पडल्या होत्या, वाऱ्यावर सळसळत होत्या. बाई रोज एक दाणा खुडून नखाने दाबायच्या. पांढरं दूध यायचं. "अजून नाही," म्हणायच्या आणि बोट पदराला पुसायच्या. दाणा दुधातून चिकात उतरला, थोडा घट्ट झाला, की कच्चा असला तरी कापून, भाजून, कांडून त्याचा चिवडा होतो, तिकडे चिउरा म्हणतात. चार घास पोटात जातात. पण तसं कापायचं म्हणजे समितीला दाखवायचं पीक कापायचं. शिवाय पूर्ण पिकल्यावर जे हाती आलं असतं त्यातलं बरंच गमवायचं. हे बाईंइतकं कुणाला कळत होतं?

तेवढ्यात निरोप आला, समितीचा दौरा दहा दिवसांनी पुढे गेला आहे. साहेबांनी बाईंना बोलावलं. मी फायली घेऊन तिथेच उभी होते. ते म्हणाले, "मैडम, दस दिन की बात है. धान की एक बाली भी न कटे. आपकी ज़िंदगी भर की मेहनत है."

"तब तक क्या, सर?"

साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "और जो बाकी गाँव बीज का इंतज़ार कर रहे हैं, उनका क्या?"

हा प्रश्न खोटा नव्हता. बाईंना पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याच भाषेत विचारलं होतं. त्या उठून बाहेर आल्या, पाण्याच्या माठाशी उभ्या राहिल्या, पेला भरला आणि न पिताच परत ठेवला. मला म्हणाल्या, "दोन्ही खरं आहे पोरी. काय करावं?" मला वाटलं, आता थांबतील. माझी नोकरीही त्याच दौऱ्यावर टांगलेली होती, आणि खरं सांगते, थांबल्या तर बरं, असंही मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात गेलो. रामकलीचा नवरा खाटेवर होता. तिची थोरली मुलगी भिंतीला टेकून बसली होती. एरवी जीप दिसली की धावत येणारी, ती उठलीच नाही. बाई तिच्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या. मग कोपऱ्यातल्या शेतात उतरल्या, दाणा खुडला, दाबला. दूध आलं नाही. मऊसर पिठूळ काहीतरी नखाखाली चिरडलं.

"रामकली, हँसिया लाओ. काटो."

रामकली जागची हलली नाही. "नाहीं बहिनजी. मेहमान आय जाएँ, तब काटब."

"मैं कह रही हूँ."

"आपकी नाक कटि जाई, बहिनजी. हम दस दिन रहि लेब." मागे उभ्या बायकाही मान हलवू लागल्या. ज्यांच्या चुली थंड होत्या त्या बाईंची अब्रू सांभाळायला निघाल्या होत्या. बाई चिडल्या, समजावलं, हात जोडले. कुणी ऐकेना.

तेव्हा त्यांनी पातळ वर खोचलं, रामकलीच्या छपरात खोचलेला विळा स्वतः काढला आणि कोपऱ्यात वाकल्या. पहिली मूठ कापायला त्यांना वेळ लागला. नऊ वर्षं त्या झाडाची उंची मोजण्यात, त्याच्या लोंब्या मोजण्यात गेली होती, आणि ते असं कच्चं त्यांच्याच हाताने आडवं पडत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम, मी बघितलं नाही. मान वळवून उभी राहिले. मग मला शेजारी दुसऱ्या विळ्याचा आवाज आला. रामकली उतरली होती. थोड्या वेळाने घराघराच्या कोपऱ्यातून तो आवाज येऊ लागला.

दुपारी खापरावर हिरवे दाणे तडतडत होते आणि उखळं वाजत होती. रामकलीने पहिला चिउरा पानावर घालून, मीठ आणि हिरवी मिरची ठेवून, बाईंपुढे केला. बाईंनी तो मुलीच्या हातात दिला आणि तिचं पान रिकामं होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. नंतर मात्र स्वतःही खाल्ला. "कच्चा लागून राहिला," म्हणाल्या, आणि आणखी मागून घेतला.

समिती आली. सडकेवर चार गाड्या, काळे चष्मे, साहेबांचा पांढराशुभ्र कुर्ता. हिरव्यागार पट्ट्यात घराघराजवळ कापलेल्या भाताच्या धसकटांचे चौकोन उघडे पडले होते. समितीच्या प्रमुखांनी छडीने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "ये बीच-बीच में क्या हुआ?"

साहेबांनी आदल्या दिवशीच आम्हाला सांगून ठेवलं होतं, नीलगाय म्हणायचं. नीलगायी तिकडे खरंच पिकं खातात, कुणाला शंका येण्यासारखं नव्हतं. ते म्हणालेच, "जी, नीलगाय का बड़ा प्रकोप रहा."

बाई एक पाऊल पुढे आल्या. "नीलगाय नहीं, सर. लोगों ने खाया है. मैंने कटवाया."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. प्रमुखांनी विचारलं, "पकने से पहले?"

"जी. किस्म अच्छी है, पर देर से पकती है. भादों में घर खाली रहता है. बीज जहाँ भी दीजिए, यह बात साथ में लिखकर दीजिए. सारी ज़मीन में यही लगवाएँगे तो लोग भूखे रहेंगे."

नऊ वर्षांच्या आपल्या कामाबद्दल एखाद्याने असं, इतक्या शांतपणे, त्या लोकांसमोर सांगावं? मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. प्रमुखांनी डायरीत काहीतरी टिपलं. समिती चहा न घेता गेली.

प्रकल्प बंद पडला नाही. पण बी वाटपाची मंजुरी वर्षभर रखडली, आणि मार्चमध्ये बाईंची बदली बुंदेलखंडातल्या एका बियाणं गोदामावर झाली. पोती मोजायचं काम. त्यांनी राजीनामा दिला. साहेब त्यांच्या घरी जाऊन बसले, विनवणी केली, पण त्या बधल्या नाहीत. जाण्याआधीचे शेवटचे दोन महिने त्या गोमतीपलीकडच्या गावांतून साठीचं बी गोळा करत हिंडल्या. कुणी मूठभर दिलं, कुणी शेरभर. अमीनाबादेतून मातीची मडकी आणवली आणि घरटी एक मडकं भरून दिलं. "या वर्षी मेहमान येणार नाहीत, आता तरी लावा," असं हिंदीत बजावून आल्या. पहिल्या पावसाच्या आधी त्यांची गाडी चारबागहून सुटली. मी, मुलगी आणि ड्रायव्हर, एवढेच पोचवायला होतो. मुलीने विचारलं, "आंटी, वापस कब आओगी?" बाईंनी तिचा गाल ओढला आणि डब्यात चढल्या.

भादव्यात एक दिवस रामकली आलमबागच्या ऑफिसात आली. सकाळची बस धरून, एकटीच. डोक्यावर कापडात बांधलेलं गाठोडं. बाईंच्या खोलीच्या दारात थबकली. आत नवे अधिकारी फोनवर बोलत होते.

"बहिनजी?" तिने मला विचारलं.

मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की बाई महाराष्ट्रात, आपल्या घरी गेल्या.

"कब अइहैं?"

"नहीं आएँगी अब."

तिने गाठोडं मांडीवर घेतलं. गाठ सोडून आतलं मला दाखवलं. लालसर, जाड, नुकतेच कांडलेले साठीचे तांदूळ, कोपऱ्यातलं पहिलं पीक. मी म्हटलं, माझ्याकडे पत्ता आहे, पार्सल करते, पोचतील त्यांना.

रामकलीने मग तांदूळ नीट बांधले आणि पुन्हा गाठ मारली.

"इतनी दूर काहे भेजिहौ," ती म्हणाली. "घर लै जाइत है. लरिका-बच्चा खाय लेहैं."

गाठोडं डोक्यावर घेऊन ती बसस्टँडकडे निघाली. दुपारची बस चुकू नये म्हणून भराभर चालत होती.